जावेनं रंगवलेली खोली

माझ्या थोरल्या जावेनं मला फसवलं. रंगानं फसवलं. आणि ती विद्या तिनं माझ्याकडूनच, माझ्याच घरी, माझाच चहा पीत उचलली होती.

हे आधीच सांगून टाकते, कारण बीडला आमच्या गल्लीत ही गोष्ट उलटी सांगतात. त्या गोष्टीत जाऊ म्हणजे गरीब गाय, आणि मी स्वतःच्या हुशारीत पाय अडकून पडलेली बाई. गल्लीतल्या बाया ती हळदीकुंकवाला रंगवून सांगतात, आणि मी दारात दिसले की एकदम वाणाच्या वाट्यांचं कौतुक सुरू होतं. मला काय कळत नाही?

मी ब्लाउजपीस विकणारी बाई. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, स्वभावानं फार शांत. भाव सांगणाऱ्या माणसाला दुखवू नये, असं त्यांना मनापासून वाटतं. असा माणूस धंदा करू शकत नाही, म्हणून धंदा मी केला. कापडाचं गाठोडं एस.टी.च्या टपावर टाकायचं आणि आठवडी बाजार गाठायचा. आज कडा, उद्या शिरूर कासार, परवा आणखी कुठं. बाजारात खाली ताडपत्री, वर ऊन, आणि समोर अशी गिऱ्हाइकं की कापड चोळून, ओढून, उन्हात धरून, शेवटी ‘घरी इचारून येते’ म्हणून निघून जाणार. त्यातल्या निम्म्या बायांना मी परत बोलावून आणलं आहे आणि कापड गळ्यात घातलं आहे. आवाज चढवावा लागला तर चढवला. रडावं लागलं तर तेही केलं.

राहायला आम्ही कड्याला होतो, एका भाड्याच्या खोलीत. खोली एवढी, की एकानं कूस बदलली की दुसऱ्यानंही बदलायची. भिंतीला पूर्वीच्या भाडेकरूच्या चुलीचा धूर. मी ठरवलं, हिला रंग देऊ. चुन्यात नीळ घालून सगळेच देत होते. मी म्हटलं, आपल्याकडं कापड रंगवायच्या पुड्या आहेत, त्या का घालू नयेत? पिस्ता रंगाची पुडी चुन्यात कालवली आणि स्वतःच्या हातानं भिंती रंगवल्या. वाळल्यावर रंग असा खुलला की मालक उंबऱ्यातच उभे राहिले.

पुढची गंमत बाजारात कळली. भिंतीला टेकून बसलेल्या प्रत्येकाच्या पाठीवर आमची भिंत निघून जात होती. त्या उन्हाळ्यात कड्याच्या बाजारात पाठ पिस्ता झालेला माणूस दिसला की लोक हसायचे, ‘हा ब्लाउजपीसवालीकडं चहा पिऊन आलाय.’ मालकांचे तीन सदरे गेले. पण मी हटले नाही. पुढच्या खेपेला चुन्यात डिंक शिजवून घातला, आणि रंग धरला.

तेव्हाचे दिवसच रंगांचे होते. त्याआधी आमच्या बाजारात रंग म्हणजे लाल, हिरवा, पिवळा, निळा आणि संक्रांतीपुरता काळा. मग गावात केबल आली, टेलिफोनचे पिवळे बूथ आले, आणि सुरतेच्या मालमोटारीतून असे रंग उतरायला लागले की त्यांना नावंच नव्हती. नावं आम्ही विकणाऱ्यांनी ठेवली. कांदापात. ओली माती. फिकट वांगं. मलई पिस्ता. साडी मॅचिंग नसेल तर बाई घराबाहेर पडेना. साडीनंतर पडदे, आणि पडद्यानंतर भिंती. रंगाच्या दुकानात फुकट मिळणारं शेडकार्ड बायका देवाच्या फोटोशेजारी टांगायच्या. ज्यांच्या घराला गिलावा नव्हता, त्यांच्याकडंही शेडकार्ड होतं.

माझी सगळी अक्कल साडीतून आली. बुटक्या बाईनं रुंद काठ नेसला की ती आणखी बुटकी दिसते. मग बुटक्या खोलीला कमरेइतका गडद तैलरंगाचा पट्टा कशाला? तो तर रुंद काठच झाला. हे कुणी सांगितलं नव्हतं मला. ताडपत्रीवर बसून दिवसभर बायांच्या अंगावर कापडं लावून बघताना आपोआप डोळ्यात मुरलं. मी ती खोली दर दिवाळीला नव्यानं रंगवायची आणि दर दिवाळीला ती थोडी वाढायची. शेजारणी बघायला यायच्या. घरमालक एकदा आला, चारी कोपरे बघितले आणि भाडं वाढवायची गोष्ट काढली. म्हणे, एवढी मोठी खोली दिली होती हे मलाच माहीत नव्हतं. त्याला मी कसा घालवला, ते कड्यात अजून सांगतात.

अशा त्या खोलीत माझी जाऊ आली. तिच्या माहेरच्या कुणाचं तरी लग्न कड्याला होतं. आम्ही तिला अक्का म्हणतो. अक्का आणि थोरले दीर बीडला राहायचे, सासूबाई त्यांच्याकडं. अक्का म्हणजे हळू बोलणारी, पदर सारखा करत राहणारी, ‘मला बाई काय कळतंय’ असं म्हणत सगळं काढून घेणारी बाई. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण कौतुक ऐकताना माणसाचे कान मऊ होतात.

ती उंबऱ्यात उभी राहून वर बघत म्हणाली, “अगं बया, मागं आलते तवा हे खुराडं होतं. भिंत पाडली का काय?”

“भिंत न्हाई पाडली अक्का. पट्टा काढला खालचा.”

“एवढ्यानं?”

“रुंद काठ काढला की बाई उंच होती.”

“खरंच की! आन वरचे पत्रे? डोक्यावर आल्यावानी वाटायचे.”

“भिंतीचाच रंग दिलाय वर. फक्त एक धुणं कमी. धुऊन उतरलेल्या कापडावानी. मग भिंत कुठं संपली आन पत्रा कुठं लागला, डोळ्याला कळत न्हाई.”

“आन समोरची भिंत लांब गेल्यावानी कावून दिसती?”

“तिला फिकट आकाशी दिलाय. आकाशी मागं सरतो. वांगी दिला असता तर अंगावर आली असती.”

तिनं कोनाड्याकडं बघितलं. “दिवसा दिवा कावून लावलास?”

मी हसले. “हात घालून बघा.”

तिनं खरंच हात घातला. आत दिवा नव्हता. कोनाड्याला फक्त आतून लिंबू रंग होता. अंधाऱ्या भिंतीतला लिंबू रंग लांबून उजेडासारखा दिसतो.

“मला बाई काय कळतंय यातलं,” अक्का म्हणाली. आणि मग दार भिंतीच्याच रंगाचं का, आरसा कुठं लावावा, फरशी गडद बरी का फिकट, एकेक करत सगळं काढून घेतलं. जाताना म्हणाली, “ह्या भिंतीच्या रंगाचं कापड हाय का गं तुझ्याकडं?”

मी मलई पिस्ता काढून दिला. फुकट दिला. मी कधी कुणाला वीतभर कापड फुकट दिलं नव्हतं.

आता गोदामाचं सांगते, म्हणजे कळेल की काय पणाला लागलं होतं. सासऱ्यांचं बीडला कापसाचं एक पत्र्याचं गोदाम होतं, रस्त्यालगत. ते गेल्यापासून त्यात मोडक्या बाजा आणि उंदीर. सासूबाईंनी, म्हणजे आम्ही आत्याबाई म्हणतो त्यांनी, ठरवलं की दोघा भावांना ते वाटून द्यायचं. मी कित्येक वर्षं त्या अर्ध्या गोदामाची वाट बघत होते. रस्त्याकडेला माझं स्वतःचं मॅचिंगचं दुकान. भिंतभर मांडणी, पुढं टेबल, मागं पडदा आणि पडद्यामागं आमची खाट. आणि गिऱ्हाइकांना बसायला बाकडं. बाकडं तर मी कड्याच्या सुताराकडून आधीच करून ठेवलं होतं. मला ताडपत्रीवरून उठायचं होतं. बाईला बसवून कापड दाखवायचं होतं. बसलेली बाई रिकाम्या हातानं उठत नाही, हा माझा अनुभव.

आमच्याकडं वाटणीची रीत अशी: थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. भाकरी तोडणाऱ्यानं आपला तुकडा शेवटी घ्यायचा, म्हणजे तुकडे सारखे पडतात. यात फसवायला जागाच नाही, असं सगळे म्हणतात. सगळ्यांच्या घरी माझी जाऊ नसते.

निरोप आला तेव्हा गोदामात मधली भिंत उठली होती, दुसरं दारही बसवलं होतं, आणि दोन्ही खोल्या रंगवूनही झाल्या होत्या. आत्याबाईंचा हट्ट होता की उघड्या विटा दाखवून पोरांना घर देऊ नये. आम्ही बीडला गेलो. आत्याबाई बाहेर दगडावर बसलेल्या. साक्षीला आमचे जंगमस्वामी बोलावलेले, कपाळभर विभूती, मांडीवर झोळी. दीर खिशात हात घालून उभे. अक्का पदर सारखा करत.

पहिली खोली उघडली. आत शिरले आणि छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. कमरेच्याही वर येणारा मरून पट्टा, वर पत्र्याला तांबडा लाल, समोरची भिंत गडद वांग्यासारखी, दार कॉफीच्या गाळासारखं. गुहाच. मी दोन पावलांत बाहेर आले.

दुसरी खोली उघडली. मलई पिस्ता. पट्टा नाही. वरचे पत्रे एक धुणं कमी. समोर आकाशी. दार भिंतीत विरघळलेलं. आणि डाव्या अंगाला कोनाडा, आत लिंबू रंग. मला वाटलं, मी माझ्याच घरात आले. वारा वाहत असल्यासारखं वाटत होतं, आणि खिडकी तर एकच होती, तीही बंद.

माझ्या पिशवीत मीटर होता. कापड मोजायचा लोखंडी मीटर माझ्यापासून कधी लांब नसतो. हात पिशवीकडं गेला तोच आत्याबाई बोलल्या, “मोजमाप परक्यात करायचं असतंय गं. भावाभावात डोळ्यानं बघायचं.”

स्वामींनी मान हलवली. चारचौघांत मीटर काढणं म्हणजे दिरांना चोर म्हणणं झालं असतं. मी हात काढून घेतला. पण म्हणून मी आंधळेपणानं निवड केली, असं कुणी समजू नये. मी माझी रीत वापरली. गिऱ्हाईक ज्या कापडाकडं मुद्दाम बघत नाही, तेच त्याला हवं असतं. मी अक्काकडं बघायला लागले. गुहेच्या दारात मी पुन्हा जाऊन उभी राहिले, तोंड विचारात पडल्यासारखं केलं. अक्का शांत. मग पिस्ता खोलीच्या उंबऱ्यावर पाय ठेवला. अक्कानं तोंड फिरवलं आणि रस्त्यावरच्या शेळीकडं बघायला लागली.

झालं. मला कळलं, ही खोली तिला स्वतःला हवी आहे.

“आमी ही उचलली,” मी म्हणाले. मालकांनी मान डोलावली. ते कशालाही डोलावतात.

अक्काचा चेहरा असा उतरला की मला आतून गुदगुल्या झाल्या. आणि गुदगुल्या झाल्या की मला भीती वाटते, समोरचा शब्द फिरवेल म्हणून. मी लगेच म्हणाले, “स्वामी, बेल उचलू द्या सगळ्यांना. उचललेला वाटा कुणी परत फिरवायचा न्हाई. उद्या रडारड नको.”

“एवढं कशाला गं?” अक्का हळूच म्हणाली.

“न्हाई, न्हाई. उचला.”

स्वामींनी शपथेसाठी झोळीतून बेलाची पानं काढली. दिरांनी उचललं, अक्कानं उचललं, मालकांनी उचललं, मी सगळ्यात आधी उचललं.

घरभरणी दोघींची एकाच दिवशी ठेवली, म्हणजे स्वामींना एकदाच यावं लागेल. स्वामींच्या मठातून एक मोठी सतरंजी आणली होती. पूजा आधी आमच्याकडं. मी आणि मालक सतरंजी पसरायला लागलो. पसरली, पसरली, आणि उजव्या अंगाची भिंत आली तरी सतरंजी संपेना. टोक भिंतीवर चढलं. मी ओढून इकडं घेतली, तर इकडचं टोक डाव्या भिंतीवर. शेवटी ती दुमडून, भिंतीला उभी टेकवून पूजा उरकली. स्वामींचे गुडघे कोनाड्याखाली अडकले होते. मंत्र म्हणताना ते एकदा ‘आई गं’ म्हणाले.

मग तीच सतरंजी आम्ही पलीकडं गुहेत नेली. पसरली. ती सपाट बसली. चारी बाजूंनी फरशी दिसत होती, आणि दाराशी सगळ्यांच्या चपला काढायलाही जागा उरली. लोक आत येतच होते, आणि मावतच होते.

स्वामींनी पाय लांब केले, समाधानानं आजूबाजूला बघितलं आणि भाबडेपणानं म्हणाले, “धाकट्या बाई, तुमच्याकडं सतरंजी उभी राहिली. हितं निवांत झोपली.”

पूजा मी होऊ दिली. आरती झाली, प्रसाद झाला, आणि मी अक्काला कोपऱ्यात गाठलं.

“अक्का, तुमची खोली मोठी हाय.”

“हाय की.”

“तुमाला माहीत होतं?”

“भिंत आमीच घातली. माहीत कसं नसंल?”

“मग सारखे वाटे कावून पाडले न्हाईत?”

“गोदामाचा जुना पाया तिथंच होता गं. त्याच्यावरच भिंत घेतली. नवा पाया कशाला खांदायचा?”

“आन मला सांगितलं कावून न्हाई?”

“तू इचारलंस कवा?” आणि मग ती जे बोलली ते गल्लीत आजही तिच्याच आवाजात सांगतात. “आमाला वाटलं, तू मोठीच उचलशील. तू केवढी हुशार! आमच्या वाट्याला बारकी येणार म्हणून मी जीव लावून रंगवली, तुझ्यावानी. मोठीला ह्यांच्या गॅरेजातला ट्रकचा उरलेला रंग फासला. म्हटलं, तू काय, तुझ्या मनानं परत रंगवशीलच. तू बारकी उचललीस तवा मी सांगणारच होते गं. पर तू लगेच बेल उचलायला लावलास.”

मी ओरडले. काय काय ओरडले ते लिहीत नाही. गल्ली गोळा झाली. आत्याबाई दगडावरून म्हणाल्या, “बेल उचललाय.” दीर म्हणाले, “बेल उचललाय.” मी मालकांकडं बघितलं. मालक आमच्या खोलीच्या दारात उभे होते. म्हणाले, “खोली चांगली हाय. बसलं की गार वाटतं.”

आता वाचणाऱ्यानं विचार करावा. ट्रकचा उरलेला रंग फासला, मान्य. पण उरलेला रंग फासणारी बाई जसा येईल तसा फासते. इथं पट्टा मुद्दाम कमरेच्या वर नेलेला होता. पत्रे लाल केले होते, म्हणजे ते खाली यावेत. वांगी रंग नेमका समोरच्या भिंतीला, म्हणजे ती अंगावर यावी. मी अक्काला लहान खोली मोठी कशी करायची ते सांगितलं होतं. मोठी खोली लहान कशी करायची ते सांगितलं नव्हतं. ते तिनं स्वतः उलटं करून काढलं. एवढं डोकं चालवणाऱ्या बाईला यातलं काय कळतंय? आणि त्या दिवाळीला तिनं गुहा पुन्हा रंगवली तेव्हा कोणता रंग दिला? मलई पिस्ता. माझा तो कापडाचा तुकडा जपून ठेवला होता. ती खोली मग मठाच्या सभामंडपाएवढी दिसायला लागली.

माझं दुकान सुरू झालं. चाललंही. खोली अरुंद म्हणून मी कापडाचेच रंग कामाला लावले. दारापाशी गडद, आत जाताना फिकट, अगदी शेवटी पांढरं. बाई दारातून बघायची तर वाटायचं, दुकान पार मागच्या गल्लीपर्यंत गेलंय. मग ती आत यायची आणि तिचं कोपर मांडणीला लागायचं. बाकडं मात्र बसलं नाही. उभं करून बघितलं, आडवं करून बघितलं. शेवटी ते बाहेर ठेवलं, आणि बाहेर जागा होती ती अक्काच्या भिंतीशी. तेव्हापासून रोज दुपारी अक्का माझ्या बाकड्यावर बसते आणि माझी गिऱ्हाइकं उभी राहतात.

पण मीही काही नुसती बसून राहिले नाही.

पुढच्या वर्षी गोदामाची रस्त्याकडची भिंत बाहेरून रंगवायची निघाली. मी दिरांना म्हटलं, “तुमी कशाला तरास घेता? दोघांचंही मीच करते.” त्यांना माझ्या चांगुलपणाचा संशय आला, पण फुकटचं कुणाला नको असतं? मी सुताची दोरी घेतली, बाहेरची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजली, आता मीटर काढायला कुणाची हरकत नव्हती, आणि बरोबर मधोमध रेघ मारली. रेघेच्या इकडं माझा गाजरी, तिकडं त्यांचा राखाडी. आतली भिंत कुठं आहे ते बाहेरून कुणाला दिसतंय? रस्त्यावरून बघणाऱ्याला माझं दुकान अर्ध्या गोदामाएवढं दिसायला लागलं. जेवढं ते असायला हवं होतं तेवढं. अक्काच्या खोलीची खिडकी माझ्या गाजरी रंगात आली. त्या खिडकीतून तिच्या फोडणीचा वास यायला लागला की लोक मला विचारायचे, “बाई, दुकानात काय शिजतंय?”

अक्का बाहेर आली, बाकड्यावर बसली, वर बघितलं. मी वाट बघत होते की आता बोलेल. बोल की! म्हण, रेघ चुकली. म्हण, आमची खोली पार तिथवर आहे. पण ते बोलायचं तर भर रस्त्यात, चार लोकांत सांगावं लागलं असतं की भिंत मधोमध नाही. तिनं पदर सारखा केला.

“रंग झाक हाय,” म्हणाली.

ती रेघ तशीच राहिली. दोनदा पुन्हा रंग चढला, दोन्ही वेळा मीच रेघ मारली, दोन्ही वेळा तिनं पदर सारखा केला.

आमच्यात फक्त एकच प्रश्न उरला आहे, आणि तो मी तिला एकदा देवाच्या दारातही विचारला. आम्ही सगळे कपिलधारला गेलो होतो. तिथल्या धबधब्याच्या पाण्याला जोर होता. धारेखाली अंग ओलं करून अक्का हात जोडून उभी होती. मी शेजारी गेले आणि म्हणाले, “अक्का, हितं खोटं बोलायचं न्हाई. तुमी कड्याला माझ्याकडं आलता, पत्रे बघितले, कोनाड्यात हात घातला. तवा गोदामातली भिंत उभी राहिली होती का न्हाई?”

यावरच सगळं आहे. भिंत उभी नव्हती, तर तिनं नुसतं कौतुकानं विचारलं, असं मी मानीन. मग ती म्हणते ते खरं, आणि मी दुसऱ्या कुणाशी तरी भांडीन. पण भिंत उभी होती, तर ती लग्नाला नव्हती आली. ती बाजाराला आली होती, आणि माल माझ्याकडून नेला.

अक्कानं हात कानाला लावला. “काय?”

“भिंत! उभी होती का?”

“पान्याचा लई आवाज हाय गं!” असं म्हणून ती पुन्हा धारेखाली गेली. एवढा वेळ तिथं कुणी उभं राहत नाही. आत्याबाई म्हणाल्या, थोरलीची भक्ती बघा.

भिंत बांधणारा गवंडी कामासाठी कुठं निघून गेला तो परत आला नाही. दीर म्हणतात आठवत नाही. मालकांना विचारण्यात अर्थ नाही.

आता पुन्हा रंगाचा वकूत आला आहे. अक्काच्या सुनेला तिची बाजू वेगळी, स्वतःच्या पसंतीनं रंगवायची आहे. तिनं रंगारी बोलावला आहे. तो सकाळपासून शिडीवर उभा आहे आणि खाली बघून विचारतोय, “रेघ कुठं मारायची? आतली भिंत जिथं हाय तिथं, का जुनी हाय तिथंच?” सुनेनं माझ्याकडं बघितलं. मी बाकड्याकडं बघितलं. बाकड्यावर अक्का बसली आहे आणि रस्त्यावरच्या शेळीकडं बघते आहे.

अक्का, आता पाण्याचा आवाज नाही. सुताचं एक टोक मी धरलं आहे. ऊठ माझ्या बाकड्यावरून, दुसरं टोक तू धर, आणि तुझ्या मतानं जिथं खरी रेघ आहे तिथं सगळ्यांदेखत ताण. आणि ताणताना सांग: कड्याला माझ्या कोनाड्यात हात घातलास, त्या दिवशी भिंत उभी होती का नव्हती? रंगारी थांबलाय. मीही इतकी वर्षं थांबले आहे. सांग.